दीवचा अमीर आणि एका शहराची अमानत

हिजरी सन ९१४. रमजानचा पहिला आठवडा सरत आला होता. कोकणात वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तिथे, डोंगराच्या कुशीत वसलेले दाभोळ हे तेव्हा आदिलशाहीचे मोठे बंदर होते. अरबस्तानातून घोडे येत, इथून कापड आणि मिरी जाई. हजला निघालेले यात्रेकरूही याच खाडीतून जहाजात बसत. त्या रमजानमध्येही गावात सहरीला दिवे लागले असतील, मगरिबच्या अजानकडे कान लागले असतील. पण त्याच दिवसांत पोर्तुगीज आरमार खाडीच्या मुखाशी येऊन उभे राहिले. इसवी सनाप्रमाणे तारीख होती ३० डिसेंबर १५०८. पंचांगाचे गणित मांडले तर तो रमजानचा सातवा रोजा ठरतो. चंद्रदर्शनाने एखादा दिवस मागेपुढे होईल, एवढेच.

पुढे जे घडले ते पोर्तुगिजांच्याच बखरकारांनी लिहून ठेवले आहे. सैनिक किनाऱ्यावर उतरले, बचावाची फळी मोडली आणि मग शहरात कत्तल सुरू झाली. बायका-मुले, म्हातारेकोतारे कोणी सुटले नाही. घरे आणि वखारी पेटवून दिल्या. ‘दाभोळवर कोसळला तसा फिरंग्यांचा कोप तुझ्यावर कोसळो’, अशा अर्थाचा शाप त्यानंतर या किनाऱ्यावर रूढ झाला, अशी नोंदही त्यांनीच केली आहे. आज दाभोळच्या धक्क्याजवळ जी देखणी शाही मशीद दिसते, ती या घटनेनंतर दीडशे वर्षांनी, सतराव्या शतकात उभी राहिली. १५०८ च्या दाभोळचे फारसे काही शिल्लक नाही.

दाभोळ हे त्या आरमाराचे खरे लक्ष्य नव्हतेच. जाता जाता दिलेला तो एक निरोप होता, आणि तो ज्याच्यासाठी होता तो माणूस उत्तरेला, सौराष्ट्राच्या टोकावरच्या एका छोट्या बेटावर बसला होता. बेटाचे नाव दीव आणि माणसाचे नाव मलिक अयाज. गुजरातच्या सुलतानाचा तो दीवचा अमीर, म्हणजे शहराचा कारभारीही तोच आणि आरमाराचा सरदारही तोच. दाभोळची राख पाहून पुढच्या महिनाभरात त्याला एक निर्णय घ्यायचा होता. तो निर्णय शौर्याचा होता की भित्रेपणाचा, इमानाचा होता की दगाबाजीचा, यावर पाचशे वर्षांनंतरही इतिहासकारांचे एकमत नाही.

गुलाम ते अमीर

अयाज हे नाव उर्दू शायरीच्या वाचकांना वेगळ्या संदर्भात ठाऊक आहे. गझनीचा महमूद आणि त्याचा लाडका गुलाम अयाज ही जोडी फारसी-उर्दू काव्यात अमर झाली. नमाजच्या सफेत मालक आणि गुलाम यांच्यातले अंतर मिटते, हे सांगायचे असले की शायरांना हीच दोन नावे आठवतात. दीवचा अयाज हा त्यानंतर पाच शतकांनी झालेला दुसरा माणूस. पण योगायोग असा की तोही गुलाम होता आणि त्याच्या सुलतानाचे नावही महमूदच होते. चांपानेर जिंकणारा, गुजरातच्या लोककथांत आजही नांदणारा महमूद बेगडा.

अयाज मूळचा कुठला याबद्दल एकमत नाही. पोर्तुगीज लेखक त्याला रशियाकडचा म्हणतात, इतरांनी वेगवेगळे मुलूख सांगितले आहेत. गुलामांच्या बाजारातून तो एका व्यापाऱ्याच्या हाती आणि पुढे सुलतानाच्या पदरी आला, एवढे मात्र नक्की. सुलतानाच्या डोक्यावर घाण टाकणाऱ्या एका पक्ष्याला त्याने एकाच बाणात खाली आणले आणि त्याचे नशीब फळफळले, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, एका परक्या गुलामाच्या अंगचे गुण पाहून त्याला ‘मलिक’ ही पदवी आणि राज्याचे सर्वांत मोलाचे बंदर सोपवणारी व्यवस्था तेव्हा होती, हे खरे. महाराष्ट्राला याचे नवल वाटू नये. पुढच्याच शतकात हबशी गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर निजामशाहीचा आधारस्तंभ झाला, तो याच परंपरेतून.

अयाजने दीवचे सोने केले. बेटाभोवती तटबंदी उभारली. खाडीच्या तोंडाशी, भर पाण्यात एक बुरूज बांधला आणि तिथून किनाऱ्यापर्यंत लोखंडी साखळी टाकण्याची सोय केली. साखळी ताणली की परके जहाज आत येऊ शकत नसे. या बंदोबस्तामुळे व्यापाऱ्यांचा विश्वास बसला. तुर्क, अरब, इराणी आले. गुजराती वाणी आणि जैन सावकार तर होतेच. खंबायतचे कापड दीवहून एडन आणि होर्मुझला जाऊ लागले. अयाज स्वतःही मोठा व्यापारी होता. त्याची जहाजे दूरवर जात. त्याच्या दानतीचे आणि दस्तरख्वानाचे कौतुक फारसी इतिहासांतही आले आहे.

म्हणजे दीव हा एका धर्माचा वा एका जातीचा गाव नव्हता. अयाजच्या हाती सोपवलेली ती एक मिश्र, गजबजलेली वस्ती होती. उर्दू-फारसीत अशा सोपवलेल्या वस्तूला ‘अमानत’ म्हणतात. आपल्या मालकीची नसलेली, पण आपल्यालाच जपायची असलेली ठेव.

चौलच्या खाडीतला विजय

संकटाची सुरुवात याच किनाऱ्यावर, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला झाली. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचल्यापासून हिंदी महासागराचे रूप बदलले होते. या समुद्रावर तोवर कोणा एका राजाची मालकी नव्हती. बंदरात जकात भरावी आणि वाटेल तिथे जावे, हा रिवाज होता. पोर्तुगिजांनी तोफा रोखून सांगितले की यापुढे आमचा परवाना घेतल्याशिवाय जहाज हाकारायचे नाही. याची सर्वांत मोठी झळ कालिकतच्या सामुतिरी राजाला, गुजरातच्या सुलतानाला आणि इजिप्तच्या मामलुक सुलतानाला बसली. मिरीचा जुना रस्ता तांबड्या समुद्रातून कैरोला आणि तिथून व्हेनिसला जात असे. तो आटू लागला.

कैरोच्या सुलतान कानसूह घुरीने मग आरमार बांधायला काढले. तांबड्या समुद्राच्या काठी लाकूड मिळत नाही. ते दूरच्या मुलखांतून आणून सुएझला जहाजे तयार झाली. त्यांचा सरदार होता अमीर हुसेन अल-कुर्दी. हे आरमार १५०७ मध्ये दीवला पोहोचले आणि मलिक अयाजने त्याला आसरा दिला.

मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत पोर्तुगीज जहाजांचा एक ताफा नांगरलेला होता. त्याचा प्रमुख होता लॉरेन्सो दे अल्मेडा, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे अल्मेडा याचा एकुलता एक मुलगा. अमीर हुसेनने त्याला गाठले. लढाई रेंगाळली. मग अयाजची वल्ह्यांची चपळ गलबते येऊन पोहोचली आणि पारडे फिरले. बाहेर पडू पाहणारे लॉरेन्सोचे जहाज कोळ्यांनी मासेमारीसाठी खाडीत रोवलेल्या खुंटांत अडकले. लॉरेन्सोच्या पायाला गोळा लागला. डोलकाठीला टेकून तो हुकूम देत राहिला आणि दुसऱ्या गोळ्याने मारला गेला. हिंदी महासागरात पोर्तुगिजांचा हा पहिला मोठा पराभव.

वीसेक पोर्तुगीज जिवंत हाती लागले. त्यांचे काय करायचे हा अयाजचा पहिला निर्णय, आणि पुढच्या सगळ्याची गुरुकिल्लीही तीच. कैद्यांना त्याने अमीर हुसेनच्या हवाली केले नाही. त्यांना दीवला नेले, जखमींवर उपचार केले, नीट खाऊपिऊ घातले.

रमजानच्या संदर्भात याचा विचार करण्यासारखा आहे. इस्लामच्या इतिहासातली पहिली मोठी लढाई, बद्रची, १७ रमजानला झाली. त्या लढाईतल्या कैद्यांना वागवण्याची रीत पुढच्यांसाठी दाखला ठरली. ज्यांना लिहितावाचता येत होते, त्यांनी मदिनेच्या दहा-दहा मुलांना शिकवावे आणि सुटून जावे, असे ठरल्याचे सीरतच्या ग्रंथांत सांगितले आहे. कुरआनातल्या ‘अद-दहर’ या सूरेत सज्जनांची ओळख सांगताना गरीब आणि अनाथ यांच्या जोडीला कैद्यालाही जेवू घालणारे, असा उल्लेख येतो. अयाजने हे आठवून केले की हिशेब करून, कोण जाणे. दोन्ही असू शकते. पण शत्रूच्या कैद्याला मारले की परतीचा दरवाजा बंद होतो आणि जपले की तो किलकिला राहतो, हे त्याला नक्की कळत होते.

एका बापाचा सूड

मुलाच्या मृत्यूची बातमी कोचीनला पोहोचली. अल्मेडाचा कार्यकाळ संपत आला होता. त्याच्या जागी अल्बुकर्क येऊन थांबला होता. पण अल्मेडाने सूत्रे द्यायला नकार दिला. आधी मुलाचा सूड, मग बाकीचे. डिसेंबर १५०८ मध्ये तो उत्तरेकडे निघाला. दाभोळची कहाणी वर आलीच आहे. नंतर चौलच्या अधिकाऱ्याला त्याने बजावले की परतीच्या वाटेवर खंडणी न्यायला येईन, तयार ठेव. मुंबईजवळच्या माहीमचे लोक बातमी ऐकूनच घरे सोडून पळाले होते. गाव ओस होता.

तिथेच, मुंबईच्या किनाऱ्यावर, अल्मेडाला मलिक अयाजचे पत्र मिळाले. तुमचा मुलगा फार शूरपणे लढला, असे त्यात लिहिले होते. तुमची माणसे माझ्याकडे सुखरूप आहेत, असेही होते, आणि सोबत खुद्द कैद्यांच्या हातची चिठ्ठी होती की आम्हाला चांगले वागवले जाते. अल्मेडाचे उत्तर भाषेने अदबीचे आणि अर्थाने भयंकर होते. माझ्या मुलाला मारणारे तुझ्या शहरात आहेत, मी त्यांच्यासाठी येतो आहे, ते न सापडल्यास शहर घेईन, असा त्याचा आशय होता.

अयाजपुढे आता तीन वाटा होत्या. पहिली म्हणजे आश्रयाला आलेल्या अमीर हुसेनला पकडून शत्रूच्या स्वाधीन करायचे. यात शहर वाचले असते, पण ही उघड दगाबाजी होती. इमानाला बट्टा लागला असता आणि सुलतानाने मान उडवली असती ती वेगळीच. दुसरी वाट, हुसेनबरोबर सर्वस्व पणाला लावून लढायचे. तटावरच्या तोफा, स्वतःची गलबते, शहरातले लोक सगळे त्यात झोकायचे. जिंकले तर कीर्ती, हरले तर दीवचे दाभोळ. तिसरी वाट सांगायला सोपी, चालायला सर्वांत अवघड होती. लढायचे, पण शहर पणाला न लावता लढायचे.

चांपानेरच्या दरबारातून मदतीची आशा कमी होती. गुजरातच्या सुलतानाची ताकद घोडदळात होती. समुद्राकडे दरबाराचे लक्ष जेमतेम. शिवाय अयाजचा एक बलाढ्य प्रतिस्पर्धी दरबारात होता, सुरतचा मलिक गोपी. सुरतेचा गोपी तलाव त्याच्याच नावाचा. हा ब्राह्मण व्यापारी-मुत्सद्दी पोर्तुगिजांशी जुळवून घ्यावे या मताचा होता. म्हणजे अयाज हरला असता तर दोष त्याच्याच माथी येणार होता.

३ फेब्रुवारी १५०९

दाभोळ जळाले तेव्हा रमजान सुरू होता. आरमार दीवसमोर आले तोवर ईद होऊन दहा-अकरा दिवस झाले होते. २ फेब्रुवारीला शिडे दिसली.

इथे साधनांत फरक आहे. काहींच्या मते अयाजने या वेळी शहराबाहेर जाऊन लढाईची सूत्रे अमीर हुसेनकडे दिली. काहींच्या मते तो दूर होता आणि हुसेन खुल्या समुद्रात जाऊ पाहतो आहे हे कळताच घाईने परतला. बाहेर गेलेला हुसेन हरला तर तसाच तांबड्या समुद्राकडे निघून जाईल आणि सूडाला दीव एकटे उरेल, ही त्याला भीती होती. दोन्ही हकिगतींतून एक गोष्ट मात्र सारखीच निघते. आरमार शहराच्या तोफांच्या टप्प्यातच राहिले. बाहेर निघालेली वल्ह्यांची गलबते तटाच्या आश्रयापलीकडे गेली नाहीत आणि रात्री सगळी जहाजे खाडीत परतली. मामलुकांची मोठी जहाजे किनाऱ्यालगत रांगेने नांगरून उभी राहिली. बाजूला गुजराती जहाजे आणि कालिकतहून मदतीला आलेले छोट्या होड्यांचे दळ.

दुसऱ्या दिवशी, ३ फेब्रुवारीला दुपारच्या सुमारास, भरती आणि वारा साधून पोर्तुगीज जहाजे आत घुसली. संख्येने ती अठरा-एकोणीसच होती. पण त्यांची बांधणी खोल समुद्राची, बाजू उंच आणि तोफा जड. समोरच्या होड्या वेगवान होत्या, पण ठेंगण्या. त्यांतून बाण सुटत होते, ते उंच फळ्यांना लागून गळून पडत होते. पोर्तुगिजांचे मोठे जहाज ‘फ्लोर दो मार’ खाडीच्या तोंडाशी आडवे उभे राहिले आणि होड्यांना मागून वार करायला वाव राहिला नाही. नांगरलेल्या मामलुक जहाजांना हलता येईना. एकेकाला गाठून पोर्तुगीज त्यावर चढले. संध्याकाळपर्यंत सगळे संपले. कालिकतच्या होड्या निसटल्या. मामलुकांपैकी अगदी थोडे वाचले. अमीर हुसेन किनाऱ्याला लागून घोड्यावरून सुलतानाच्या दरबाराकडे गेला. कैरोच्या सुलतानाची निशाणे पुढे पोर्तुगालमधल्या तोमारच्या मठात पाठवण्यात आली.

जगाच्या इतिहासात या एका दुपारला फार मोठे स्थान देतात. हिंदी महासागरावर युरोपीय आरमारांची जी सत्ता पुढे शतकानुशतके चालली, तिचा पाया त्या दिवशी घातला गेला, असे अनेक अभ्यासक म्हणतात.

पण अयाजची खरी लढाई त्या संध्याकाळनंतर सुरू झाली.

वाचलेले शहर

विजयी आरमार खाडीत उभे आहे, सेनापतीच्या मनात मुलाचा सूड आहे, आणि समोर श्रीमंत शहर आहे. महिन्यापूर्वी अशाच परिस्थितीत दाभोळ राख झाले होते. अयाजने दुसऱ्याच दिवशी दूत पाठवला. कैदी परत करतो, हवे ते मागा, शहर तुमच्या राजाचे मांडलिक व्हायलाही तयार आहे, असे कळवले. चौलचे कैदी आले ते धडधाकट, नीट कपडे घातलेले. त्यांनीच सांगितले असेल की या माणसाने आपल्याला कसे वागवले.

अल्मेडाने शहर घेतले नाही, जाळलेही नाही. याचे कारण काही त्याची दया नव्हती. दीवचा तट मजबूत होता, किल्ला घेतला तर तो राखायला माणसे हवी होती आणि तेवढी माणसे त्याच्याकडे नव्हती. शहराचा तट, तटावरच्या तोफा आणि शहराची फौज पहिल्या दिवशी खर्ची न पडल्यामुळे शाबूत होत्या. शहराला हात घालणे महागात पडेल, हे त्याला दिसत होते. म्हणून त्याने मामलुकांची जहाजे आणि तोफा मागितल्या आणि व्यापाऱ्यांकडून तीन लाख अशरफींची जबर खंडणी घेतली. आपले काही व्यापारी प्रतिनिधी मागे ठेवून तो निघून गेला. दीवच्या गल्ल्यांत कत्तल झाली नाही. तिथल्या मशिदी, देरासरे, वखारी आणि घरे उभी राहिली.

मात्र हिशेबाची दुसरी बाजूही लिहायला हवी. खाडीत मेले ते अयाजचे पाहुणे होते. कैरोहून आलेले मामलुक, तुर्क, मगरिबी खलाशी त्याच्या भरवशावर दीवला थांबले होते. त्यांच्या जहाजांना किनाऱ्याशी बांधून ठेवणारी योजना शहराच्या सोयीची होती, जहाजांच्या नव्हे. जे जिवंत पकडले गेले त्यांचे हाल तर ऐकवत नाहीत. परतीच्या वाटेवर अल्मेडाने त्यातल्या बहुतेकांना फाशी दिले, जाळले किंवा तोफेच्या तोंडी बांधून उडवले. एका बाजूला खाऊपिऊ घालून परत केलेले कैदी, दुसऱ्या बाजूला तोफेच्या तोंडी दिलेले. हा फरक अयाजची माणुसकी उजळ करतो, पण त्याच्या निर्णयाची किंमत कोणी मोजली तेही सांगतो.

म्हणूनच काही इतिहासकारांनी त्याला दुटप्पी म्हटले आहे. हुसेनशी आघाडी आणि अल्मेडाशी पत्रव्यवहार, दोन्ही एकाच वेळी. तो सगळी ताकद घेऊन उतरला असता तर निकाल बदलला असता, असेही म्हणणारे आहेत. बदलला असताही. पण न बदलता तर काय झाले असते, याचे उत्तर दाभोळच्या राखेत होते आणि अयाजने ते वाचले होते.

तेरा वर्षांची राखण

एखाद्या निर्णयाचा अर्थ त्याच दिवशी कळत नाही, पुढच्या वर्षांत कळतो. अयाज शरण गेला असता तर १५०९ नंतर दीव पोर्तुगिजांचे झाले असते. तसे झाले नाही. नोव्हेंबर १५१० मध्ये अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा कायमचे घेतले, १५११ मध्ये मलाक्का घेतले, १५१५ मध्ये होर्मुझवर ताबा बसवला. या बड्या बंदरांच्या रांगेत दीव मात्र हाती लागेना. १५१३ मध्ये अल्बुकर्क स्वतः दीवला आला. अयाजने त्याचा असा काही पाहुणचार केला की इतका गोड बोलून फसवणारा आणि तरीही माणसाला खूश ठेवणारा दरबारी आपण पाहिला नाही, अशा अर्थाचे उद्गार त्याने काढल्याचे सांगतात. किल्ल्यासाठी जागा? ती देणे माझ्या हाती नाही, सुलतानांना विचारा, हे अयाजचे ठरलेले उत्तर.

मग १५१४ मध्ये अल्बुकर्कचे वकील सुलतान मुजफ्फरशहाच्या दरबारात गेले. दीवची जागा मिळाली नाही. वाटेला लावताना सुलतानाने एक गेंडा भेट दिला. तो गेंडा जहाजाने लिस्बनला पोहोचला, युरोपात गाजला, आणि त्याच्या वर्णनावरून जर्मन चित्रकार ड्यूररने १५१५ मध्ये काढलेले चित्र जगप्रसिद्ध झाले. दीवला दिलेल्या नकाराची ही एक गमतीदार खूण आजही संग्रहालयांत आहे.

१५२१ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर मोठे आरमार घेऊन पुन्हा दीवसमोर आला. तटाची तयारी पाहून हल्ला न करताच माघारी फिरला. त्याच वर्षी निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीज चौलला किल्ला बांधू लागले, तेव्हा अयाजच्या गलबतांनी तिथेही त्यांना सतावले. म्हणजे हा माणूस लढाईला घाबरणारा नव्हता. कधी लढायचे आणि कशासाठी लढायचे, हे त्याचे तो ठरवत होता. १५२२ मध्ये तो मरण पावला. त्याच्या हयातीत दीवच्या तटावर परके निशाण चढले नाही.

पुढे १५३५ मध्ये हुमायूनच्या स्वारीने कोंडीत सापडलेल्या सुलतान बहादूरशहाने पोर्तुगिजांना दीवला किल्ला बांधू दिला. दोन वर्षांनी त्यांच्या जहाजावरून परतताना झालेल्या झटापटीत त्याच समुद्रात त्याचा अंत झाला. १५३८ आणि १५४६ चे वेढे पोर्तुगिजांनी परतवले. दीव मग १९ डिसेंबर १९६१ पर्यंत त्यांच्याकडेच राहिले आणि गोव्याबरोबरच मुक्त झाले. अल्मेडाचे काय झाले? सूड पुरा करून मायदेशी निघालेला हा विजयी सेनापती मार्च १५१० मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, गुरे पळवण्यावरून उद्भवलेल्या चकमकीत तिथल्या खोईखोई लोकांच्या हातून मारला गेला. लिस्बन त्याला पुन्हा दिसले नाही.

सब्र म्हणजे काय

रमजानला सब्रचा महिना म्हणतात. सब्र म्हणजे मुकाट सोसणे, असा अर्थ आपल्याकडे सहज केला जातो. पण रोजेदाराला ठाऊक असते की सब्र ही स्वस्थ बसण्याची गोष्ट नाही. समोर पाणी आहे, तहान आहे, हात पुढे जाऊ शकतो, आणि तरी तो आवरायचा. मगरिबपर्यंत थांबायचे. ताकद असूनही तिला लगाम घालणे, हाच त्याचा अर्थ.

हुदैबियाच्या तहाची आठवण इथे स्वाभाविक आहे. मक्केच्या वेशीवरून परत फिरावे लागणाऱ्या त्या तहाच्या अटी अनेक साहाबांना अपमानाच्या वाटल्या होत्या. हजरत उमर यांनी आपली अस्वस्थता उघड बोलून दाखवली होती. पण दोन वर्षांनी, रमजानच्याच महिन्यात, मक्का जवळजवळ रक्तपाताशिवाय खुले झाले आणि त्या दिवशी सूडाऐवजी माफी जाहीर झाली. अर्थात पैगंबरांच्या निर्णयाशी एका सरदाराच्या मुत्सद्देगिरीची बरोबरी होऊ शकत नाही. अयाजच्या निर्णयात स्वार्थ होता, स्वतःची जहाजे आणि स्वतःचे पद वाचवण्याचा हिशेब होता. पण त्यात हजारो अनाम माणसांचे प्राणही होते, आणि ती माणसे त्याच्यावर विसंबून होती.

शहरे राखणाऱ्यांच्या कथा आपण बहुतेक वेळा शेवटच्या माणसापर्यंत लढलेल्यांच्या ऐकतो. त्या ऐकायलाच हव्यात. पण ज्या शहराला वेढा पडतो, त्यातल्या बाईला, मुलाला, दुकानदाराला, हमालाला कोणी विचारत नाही की तुला शेवटच्या माणसापर्यंत लढायचे आहे का. आजही कुठे ना कुठे एखादे बंदर, एखादे शहर वेढ्यात असते आणि इफ्तारच्या वेळी तिथे खजुराऐवजी धुराचा लोट वर जातो. सेनापतींचे पुतळे नंतर उभे राहतात. मेलेल्यांची नावे उरत नाहीत, जशी दाभोळच्या रोजेदारांची उरली नाहीत.

हिजरी ९१४ च्या रमजानमध्ये कोकण किनाऱ्यावरच्या एका बंदरात कितीतरी घरांत रोजा सोडायला माणूस उरला नाही. त्याच्या पुढच्या रमजानमध्ये दीवला मात्र मगरिबची अजान झाली, खाडीकाठच्या घरांत खजूर फोडले गेले, शेजारच्या वाण्याने दुकानाचा दिवा लावला, आणि बंदरात एडनहून आलेले एखादे जहाज माल उतरवत असेल. खाडीच्या तळाशी कैरोची जहाजे पडली होती. अयाजला दोन्ही दिसत असणार. अमानत शाबूत होती. तिची किंमत कोणी दिली, हा हिशेब त्याला आपल्या रबपुढे द्यायचा होता.